सातवा झगा

"आत्या, तुला माझी शपथ आहे. फक्त हो किंवा नाही म्हण. थोरला मरतो का?"

आत्याने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता, कारण तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत राखेने काळे झाले होते. कपडेपटाच्या इमारतीमागे पाण्याची टाकी होती, तिच्या आडोशाला ती उभी होती. आत फोन न्यायला बंदी होती. दारातच एक लाकडी पेटी ठेवलेली असे. सकाळी सगळ्यांनी तीत फोन टाकायचे आणि जेवणाच्या सुटीत काढून घ्यायचे.

"उठसूट शपथा काय घालतेस गं? मला नाही माहीत."

"खोटं! तुझ्या आवाजावरून कळतंय."

"माझ्या आवाजाला सर्दी झालीय."

पलीकडे बिट्टी खळखळून हसली. ते हसू संपेपर्यंत आत्याने फोन कानाशी आणखी दाबून धरला. एरवी दिवसभरात तिच्याशी बोलून कोणी असं हसत नसे.

बिट्टी तिच्या भावाची मुलगी. वय वर्षं एकोणीस, दूरच्या शहरात शिकायला एकटी राहणारी. जादूगारांच्या सिनेमाचा पहिला भाग तिने नऊ वेळा पाहिला होता. त्या भागाच्या शेवटी जादूगारांच्या किल्ल्याचा दरवाजा आतून बंद होतो आणि डोंगरापलीकडून नगाऱ्यांचा आवाज येऊ लागतो. लढाई येणार, एवढंच कळतं आणि पडदा काळा होतो. आता दुसरा भाग तयार होत होता. किल्ल्यातल्या पोरक्या मुलांना जादू शिकवून मोठं करणारा जो थोरला जादूगार, तो या लढाईत वाचतो की नाही, यावर बिट्टीसारखी हजारो पोरं फोनवर डोकी फोडून घेत होती.

आणि त्या थोरल्याचा झगा आत्याच्या टेबलावर होता.

तिचं काम नवे कपडे जुने करण्याचं. शिंपी कोरा झगा शिवून देत, आणि आत्या त्याला चाळीस वर्षांचा करून परत पाठवी. काचकागद, तारेचा ब्रश, स्वयंपाकघरातली किसणी, मेणबत्ती, राख, चहाचं पाणी, एवढीच तिची हत्यारं. पण कुठेही घासून भागत नाही. माणूस कुठल्या खांद्याने दार ढकलतो, कुठल्या गुडघ्यावर टेकतो, विचार करताना बोटांनी कशाशी चाळा करतो, ते कापडावर उमटत असतं. ते बघून घासायचं. एकतीस वर्षं ती हेच करत होती. कपडेपटात तिला सगळे 'जुनीबाई' म्हणत, आणि तीही हो म्हणून ओ देई.

लग्न तिने केलं नव्हतं. "राहून गेलं," असं ती सांगे, बाजारातून एखादी वस्तू आणायची राहून जावी तसं. पण बिट्टी दोन वर्षांची असताना वहिनी अंथरुणाला खिळली आणि भावाने पोरीला आत्याकडे आणून सोडलं. चार वर्षं ती आत्याच्या दोन खोल्यांत वाढली. वहिनी बरी झाली, भावाची बदली झाली, आणि तो मुलीला न्यायला आला. निघताना बिट्टीने दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. एकेक बोट सोडवावं लागलं, आणि ते काम आत्यालाच करावं लागलं, कारण दुसऱ्या कोणाला ती हात लावू देत नव्हती.

त्यानंतर वर्षातून दोन फोन. एक आत्याच्या वाढदिवसाला, एक बिट्टीच्या. मग दुसऱ्या भागाची घोषणा झाली, आणि बिट्टीचा फोन रोज दुपारी एकला येऊ लागला.

आत्या काही दूधखुळी नव्हती. फोन आपल्यासाठी नाही, झग्यासाठी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती पाच मिनिटांत डबा उरकून टाकीजवळ जाऊन उभी राही. गुपित फोडणार नाही, अशा कागदावर तिने सही केली होती. म्हणून संध्याकाळी घरी भाजी निवडताना ती उद्याची बेगमी करी. काय सांगितलं तर चालेल? झग्याच्या कडेला चिखल खरा लावतात की खोटा, हे चालेल. तलवारी रबराच्या असतात आणि उन्हात वाकतात, हे चालेल. एका दिवसाला एकच. दोन सांगितली तर परवा काय सांगणार?

एका मंगळवारी थोरल्याचं काम करणारा म्हातारा नट झगा अंगावर घालून बघायला आला. त्याच्या झग्याचे सात नग होते. पहिला जरा बरा, दुसरा थोडा फाटका, असं करत सातव्यापर्यंत. सातव्याला डाव्या बरगडीपाशी भोक पाडून झालं होतं; कडा जाळायची आणि खालपर्यंत रक्त ओघळवायचं बाकी होतं.

म्हाताऱ्याने तो अंगावर चढवला, आरशात पाहिलं आणि तिथल्याच स्टुलावर बसला.

"हा शेवटचा का हो, बाई?"

"हो."

तो भोकात बोट घालून बघत राहिला. मग नेहमीच्या सवयीने त्याचा अंगठा गळ्याच्या पट्टीवर फिरू लागला.

"घरी बायको रोज विचारते," तो म्हणाला. "नातवंडं तर पाय धरतात. मी म्हणतो, मी नोकर माणूस, मला कोण सांगतंय? चेहरा असा करतो बघा." त्याने बावळट चेहरा केला.

आत्याला हसू आलं. "जमतं तुम्हाला?"

"पोटासाठी आयुष्यभर तेच केलंय. पण घरी करताना जड जातं. तुम्हाला विचारतात का कोणी?"

"विचारतं एक जण."

"मग काय सांगता?"

"सर्दी झालीय म्हणून सांगते."

म्हातारा इतका मोठ्याने हसला की पलीकडच्या खोलीतून कापणारे मास्तर डोकावून गेले.

त्याच आठवड्यात एक दिवस बिट्टीचा आवाज वेगळाच आला. दोन दिवस ताप होता म्हणे. खोलीतच पडून होती.

"डॉक्टरकडे गेलीस का? कोणी आहे का जवळ?"

"आहेत गं सगळे," बिट्टी म्हणाली. मग जरा वेळाने, "आत्या, थोरला मेला ना, तर मला खरंच कोणी उरणार नाही असं वाटतं. हसू नकोस."

"नाही हसत."

"सांग ना मग."

"बाळा, मी सही केलीय."

"बरं, ते नको सांगूस. त्याचे झगे किती शिवलेत, एवढं तरी? आकडाच विचारतेय. आकड्यात काय आहे?"

तापाने जड झालेला तो आवाज. आत्याच्या डोळ्यांपुढे कपाळावर ओली पट्टी ठेवलेली चार वर्षांची पोर आली. आकडाच तर आहे, असं तिलाही वाटलं.

"सात."

"आणि बाकीच्यांचे?"

"दोन-दोन, तीन-तीन."

पलीकडे बिट्टी "सात" असं पुटपुटली. मग बिट्टी म्हणाली, "बरं. ठेवते हं. झोप येतेय."

चार दिवसांत ते सगळीकडे झालं. सात झगे! बाकीच्यांचे दोन-तीन आणि थोरल्याचे सात! म्हणजे झगा टप्प्याटप्प्याने फाटत जाणार, म्हणजे थोरला लढाईत पडणार. कोणीतरी चित्रं काढली, कोणीतरी रडणारे व्हिडिओ टाकले. चौथ्या दिवशी दुपारी आत्याच्या फोनवर बिट्टीचा संदेश आला. "आत्याऽऽ! माझी पोस्ट लाखो लोकांनी पाहिली! मी फेमस झाले!!" पुढे नाचणाऱ्या माणसांची इवली चित्रं.

आत्याने तो टाकीजवळ उभ्याने दोनदा वाचला. आता चौकशी होणार हे तिला कळलं, आणि तरीही, पोरीचा ताप उतरलेला दिसतोय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना कापण्याच्या खोलीत उभं केलं. झग्यांची पूर्ण यादी एकट्या मास्तरांच्या वहीत असायची. ती वही टेबलावर पडली होती.

"मास्तर, वही कुणाला दाखवलीत?"

"कुणालाही नाही, साहेब."

"मग झगे स्वतः बोलायला लागले?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. सदतीस वर्षं ते इथे कापड कापत होते. "माझ्यावर संशय असेल तर मी जातो," ते म्हणाले.

"जावंच लागेल," मॅनेजर म्हणाला.

"मास्तर नाहीत," आत्या म्हणाली. "मी सांगितलं."

"बाई, तुम्ही?" मॅनेजरला खरं वाटेना. "कोणाला?"

"माझ्या माणसाला."

"नाव?"

"ते मिळायचं नाही."

मॅनेजरने टेबलावरची वही मिटली. तो वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वर कोणाला तरी उत्तर द्यायचं होतं. "आज संध्याकाळी पेटीतला फोन घ्या आणि उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. "पोलिसांत देत नाही, एकतीस वर्षांसाठी म्हणून."

सगळे पांगल्यावर मास्तर तिच्या टेबलाशी आले. "कशाला बोललात? मी म्हातारा झालोय, आज ना उद्या घरी बसणारच होतो."

"बसा ना. पण माझ्या पापाचं गाठोडं घेऊन कशाला?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "सातवा अर्धा राहिलाय. परवा लागणार आहे. दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."

"संध्याकाळपर्यंत मी इथलीच आहे," आत्या म्हणाली आणि तिने मेणबत्ती पेटवली.

तिने भोकाची कडा जाळली, विझवली, पुन्हा जाळली. रक्ताचा रंग तीन वेळा लावला, कारण ताजं रक्त आणि वाळलेलं रक्त एकाच कापडावर असायला हवं. गळ्याच्या पट्टीवर, जिथे म्हाताऱ्याचा अंगठा फिरायचा, तिथे काचकागदाने हलक्या हाताने घासत राहिली. पडद्यावर ते कोणाला दिसणारही नव्हतं. पाच वाजता तिने झगा हँगरला लावला, हात धुतले, किसणी पिशवीत टाकली. किसणी तिची स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन वाजला. ती स्वयंपाकघरात उभी होती.

"आत्या, अजून काहीतरी सांग ना! लोक विचारतायत मला."

"आता मला काही ठाऊक नाही गं. थोरल्याचं काम संपलं माझ्याकडचं."

"मग दुसऱ्या कोणाचं?"

"कोणाचंच नाही." तिने गॅस बारीक केला. "तू कशी आहेस?"

"मी मजेत. बरं, कळलं काही तर सांग हं."

नोकरी गेल्याचं तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं असतं, पुन्हापुन्हा माफी मागितली असती, आणि मग लाजेने फोन करायचीच बंद झाली असती. तो फोन तसाही बंदच झाला. आधी एका दिवसाआड, मग आठवड्याने, मग नाहीच. आत्याने घरी कपडे दुरुस्तीची कामं घ्यायला सुरुवात केली. चेन बदलणं, बाह्या आखूड करणं. एकला ती मशीन थांबवायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायची.

पाच महिन्यांनी बिट्टी अचानक दारात उभी राहिली. पाठीवर पिशवी, केस विस्कटलेले, अंगाने वाळलेली. दुसऱ्या भागाची पहिली झलक त्या दिवशी शहरातल्या मैदानात मोठ्या पडद्यावर दाखवणार होते, आणि मैदान आत्याच्या घरापासून दोन चौक पुढे होतं.

"पिशवी ठेवते फक्त. माझा अख्खा ग्रुप येतोय, मैदानावरच भेटणार आहेत." तिने आत्याच्या गळ्यात हात टाकले आणि लगेच काढलेही. "तू आज कामावर नाही?"

"सुटी काढलीय."

"माझ्यासाठी? पण तुला कुठे माहीत होतं मी येणार ते?"

"आतलं कळतं मला."

बिट्टी हसली. तेच ते खळखळून. "चल ना तूही."

"मला काय बघायचंय त्यात? मी लोकांची कोपरं बघत बसेन. जा तू, उशीर होईल."

उकडत होतं म्हणून बिट्टीने अंगातला स्वेटर ओढून काढला, खुर्चीवर भिरकावला आणि जिन्यावरून धडधडत खाली गेली.

आत्याने तो घडी घालायला उचलला. एक बाही उलटी होऊन आत गेली होती. ती सरळ करताना तिची बोटं थांबली. ती स्वेटर घेऊन खिडकीच्या उजेडाकडे गेली.

दोन्ही कोपरं सारखीच विरली होती, अगदी जाळी दिसेपर्यंत. असं व्हायला तासन् तास टेबलावर कोपरं टेकून बसावं लागतं, दिवसामागून दिवस, एकाच जागी. डाव्या बाहीची कड दातांनी चावून चावून ताठरली होती. चारचौघींत वावरणारी, हसणारी मुलगी बाही अशी चावत नाही. खांद्यांवर लोकर मात्र नवीकोरी होती. मैत्रिणी गळ्यात हात टाकून हिंडतात तेव्हा तिथली लोकर दबते, तिच्यावर गोळे येतात. इथे कोणाचाही हात कधी पडलेला नव्हता.

सुईदोरा मशीनवरच होता. कोपरं रफू करायला तिला अर्धा तास पुरला असता. तिने सुईत दोरा ओवलादेखील. पण बिट्टी आल्यावर ते बघेल, आणि आत्याला काय काय दिसलं हे तिला कळेल.

तिने दोरा काढून ठेवला. बाही पुन्हा उलटी करून आत सारली आणि स्वेटर खुर्चीवर होता तसाच, भिरकावल्यासारखा टाकला. समोरच्या खुर्चीवर ती बसली. दोन चौक पलीकडे मैदानातून हजारो पोरांचा एकच जल्लोष उठला. ती कान देऊन ऐकत राहिली.