सगळ्यांचं ऐकून घेतलं

गाओलाथे गुरुजींनी चामड्याच्या वादीनं विणलेली आपली बुटकी खुर्ची वाळूत दाबून रुतवली, हलवून पाहिली आणि मगच बूड टेकलं. लाकडी खांबांच्या त्या अर्धगोल कुंपणात, क्गोत्लामध्ये, गावाची सभा भरे आणि गुरुजींची जागा ठरलेली असे. गावाला बोलण्याची हौस दांडगी. एकदा एका शेळीच्या मालकीवरून सभा बसली होती. निकाल लागला तेव्हा शेळीला नातवंडं झालेली आणि तीही आपली बाजू मांडायला रांगेत उभी.

आज समोर बसला होता ओआबोना, याच गावचा पोरगा, आता शिक्षणखात्यातला साहेब. गावची शाळा बंद करून मुलं शहरातल्या वसतिगृहात न्यायची, यावर गावाशी सल्लामसलत करायला तो आला होता. गुरुजींची नात लोराटो सहा वर्षांची. तीही त्या मुलांत होती.

तरी गुरुजी निश्चिंत होते. ते आता निवृत्त होते, पण ओआबोना त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सल्लामसलत म्हणजे काय, असं विचारलं की बाकीची पोरं छताकडे बघत. हा ताडकन उठून म्हणे, "सगळ्यांचं ऐकून घेणं." त्या उत्तरावर गुरुजी आपल्या डब्यातला वाळल्या मांसाचा तुकडा त्याला देत. आजही एक तुकडा त्यांनी खिशात आणला होता.

दिकेलेदीची आई, मा दिकेलेदी, चटईवरून उठली.

"साहेब, माझी पोर अजून माझ्या कुशीत झोपते. तुमच्या वसतिगृहात कूस मिळते का?"

लोक हसले. ओआबोनानं मान लववली.

"ऐकलं, माई."

"ऐकायला काय, माझ्या गाढवालाही कान आहेत. तुझ्याहून मोठे."

"तेही ऐकलं, माई."

एकामागून एक सगळे बोलले. ज्याला सांगण्यासारखं काही नव्हतं, तो जास्त वेळ बोलला. गुरुजी म्हणाले, "या शाळेच्या विटांची माती गावानं पायानं तुडवलीय. शाळा हलवायची, तर आधी आमचे पाय मागावे लागतील." शेवटी रिवाजाप्रमाणे गावप्रमुखांनी तोंड उघडलं.

"गावाचं म्हणणं एकच आहे. शाळा इथेच राहील."

ओआबोनानं टोपी काढली. सर्वांत म्हाताऱ्यापासून सुरुवात करून त्यानं एकेकाचं नाव घेत आभार मानले. एकही नाव चुकलं नाही. गुरुजींनीच पहिली आरोळी दिली, "पुला." पाऊस पडो. सभा गोडीनं संपल्याची ती आरोळी सगळ्या गावानं उचलली.

लोक पांगले तेव्हा गुरुजींना जाणवलं, मधल्या सुट्टीची घंटा आज झालीच नाही. सावल्या तर कधीच लांबल्या होत्या.

खिशातला तुकडा चाचपत ते ओआबोनाच्या सरकारी गाडीकडे गेले. मागच्या ताडपत्रीची एक कड वाऱ्यानं उडत होती. खाली फळा होता, छोटे बाक होते आणि त्यांवर नांगराची जुनी लोखंडी थाळी, म्हणजे शाळेची घंटा. तिच्या कडेचा पोचा त्यांच्याच हातोड्यानं पडलेला.

"ही कधी उतरवलीस?"

"सकाळी, गुरुजी. सभेच्या आधी. नंतर ऊन फार होतं."

"मग सभा कशाला घेतलीस?"

ओआबोना खरोखरच गोंधळला.

"सभेशिवाय कसं चालेल? सल्लामसलत केल्याशिवाय शाळा हलवता येत नाही. तुम्हीच शिकवलंत ना? कुणाचं ऐकायचं राहिलं का?"

गुरुजींनी आठवून पाहिलं. कुणाचंच राहिलं नव्हतं.

ते परत कुंपणात गेले. खुर्ची वाळूतून उपटली, पायांची वाळू झटकली आणि आणून घंटेशेजारी ठेवली.

"ही कशाला, गुरुजी? तुम्हाला सभेला लागेल."

"लोराटोला दे. तिथे बाक कमी पडले तर."

ओआबोनानं ताडपत्रीची दोरी नीट आवळली, वाकून त्यांचा निरोप घेतला. गाडी धूळ उडवत गेली.

मा दिकेलेदी गाढव घेऊन तिथंच थांबली होती.

"आता बसाल कशावर, गुरुजी?"

गुरुजींनी खिशातला तुकडा काढला, थोडा वेळ हातात धरला आणि तिच्या कुत्र्यापुढे टाकला.