बिनतोंडाची डाकीण

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. उखर्डू भगत डाकीण पकडणार होता.

गावातल्या अभिमनला धनुर्वात झाला होता. जळगावच्या अतिदक्षता विभागात नळीने श्वास घेऊन तो जिवंत परतला. पण घरी आल्यापासून झोपेत किंचाळायचा, अंथरूण ओलं करायचा. "हिरवी बाई! तिले तोंडच नई व्हतं! तिनी मना हात बांधात, नरडाम्हा साप टाका!"

"बिनतोंडाची बाई कोन?" भगताने विचारलं. सगळे अभिमनच्या बायकोकडे, द्रौपदाबाईकडे पाहू लागले. मोठ्यांसमोर ती पदराने तोंड झाकायची. गावातल्या सगळ्याच सुना झाकायच्या. पण ते आठवायला विचार करावा लागला असता.

भगताने चार सुनांच्या तळव्यांना ओली हळद फासली. "डाकीणना हात लाल व्हई!"

लाल झाला तो द्रौपदाबाईचाच. तिला नवऱ्याची चादर सोड्यात धुताना उठवून आणलं होतं. त्याच तळव्यावर पेटता कापूर ठेवला. ती ओरडली.

"देखा, डाकीण बोलनी!" भगत गरजला.

तिच्याच हातचं जेवून आलेल्या अभिमनने मान डोलावली.

तिचा भाऊ तोताराम सकाळीच जळगावला धावला होता. त्याने आणलेल्या, अभिमनवर उपचार केलेल्या डॉक्टरांची जीप एका कापराने उशिरा पोचली.

डॉक्टरांनी भगताच्या तळव्याला हळद फासली, वर धुण्याचा सोडा टाकला. तळवा लालभडक.

"भगतच डाकीण!" लोकांनी तितक्याच भक्तिभावाने दगड उचलले.

"खाली ठेवा! हळदीला सोडा लागला की तुमचेही हात लाल होतील." मग डॉक्टरांनी द्रौपदाबाईला हिरवा झगा घातला, तोंडाला फडकं बांधलं.

"हाईच ती!" अभिमन किंचाळला.

"हो. तिथे रोग्याजवळ यायला हेच घालावं लागतं. नळी उपटू नये म्हणून हात आम्ही बांधले. तुझा साप म्हणजे ती नळी. आजारात, गुंगीच्या औषधात मेंदू असली दृश्यं रचतो. पुष्कळांना होतं. ही बाधा नाही, वेडही नाही. अक्का, तिथे याच्याजवळ बसून तुम्ही रोज काय म्हणायचात?"

फडक्याआडून ती म्हणाली, "उठा ना, कपाशी येचाले उनी."

अभिमन पुढे सरकला. "हाऊ आवाज... तठे हाऊच ऐकू येये." त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने मागे घेतला. कातडी सोलली होती.

दवाखान्यातून माणूस आधी येतो, भीती मागाहून. त्याला विचारा काय दिसलं, डॉक्टरांना विचारा काय केलं. या दोन प्रश्नांना कापूर लागत नाही.

पुढच्या मंगळवारी 'मेलेल्याला परत आणणारी माय' म्हणून बायका तिच्या दारात नारळ घेऊन उभ्या. तिने पट्टी बांधलेला हात दाखवला. "नारय ऱ्हाऊ द्या. चादर पडेल शे, तेवढी धुईसन द्या."

एकही थांबली नाही.