बांधावरची झाडं

"आपण निवडलेल्या गटात नाही," असं मोबाइलवर पुन्हा उमटलं, तेव्हा गोजराबाईंना हसूच आलं. कमरेपर्यंत आलेल्या झेंडूत त्या उभ्या होत्या. याच रानात त्या नवी नवरी म्हणून खुरपायला आल्या होत्या आणि आता साठी उलटून गेली होती. मातोरी रोडला लागून असलेलं हे मुरमाड वावर त्यांना डोळे मिटूनही फिरता आलं असतं.

पूर्वी पीक लिहायला तलाठी यायचा, नाहीतर न येताही लिहायचा. मागच्या वर्षापर्यंत हे सगळं त्यांचे यजमान खंडेराव बघायचे. ते गेले, सातबाऱ्यावर गोजराबाईंचं नाव लागलं आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचं काम त्यांच्याकडे आलं. पुतण्या सुनीलने मोबाइलमध्ये ॲप घालून दिलं, जमिनीचा गट नंबर निवडून दिला आणि तो फवारणीला निघून गेला. नोंद केली नाही तर कागदावर रान पडीक दिसतं, एवढं त्यांना कळलं होतं. पडीक हा शब्द त्यांना सहन होण्यासारखा नव्हता. मुदत तर संपत आली होती.

खाली मदतीचा नंबर होता. बऱ्याच वेळाने एका मुलीने उचलला. स्वतःच्या शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो, असं तिने गोड आवाजात सांगितलं.

"अगं बाई, मग मी काय शेजारणीच्या ओट्यावर उभी हाय का?"

मुलगी हसली. "आजी, खाली अंतराचा आकडा दिसतोय ना? तो कमी होईल त्या बाजूला चालत जा. जिथं संपेल तिथं तुमचा गट."

दुसरी कुणी असती तर वैतागून फोन ठेवला असता. पण गोजराबाईंचा स्वभाव लहानपणापासून चौकस. आकडा कुठे संपतो ते बघू या तरी, म्हणून त्या निघाल्या. रस्त्याकडे गेल्या तर आकडा वाढला. वळल्या, तसा तो उतरायला लागला. लपाछपी खेळावी तशी त्यांना गंमत वाटू लागली. बांधावर पांढऱ्या चाफ्याचं झाड होतं. तिथे त्या सवयीने क्षणभर थांबल्या. त्यांची पहिली मुलगी जन्मली आणि बारशाच्या आतच गेली. तिला इथे पुरलं होतं. वर चाफ्याची काडी खोचली होती ती त्यांच्या सासूने. त्या काडीला खंडेरावांनी पाणी घालून वाढवलं.

आकडा मात्र चाफ्याशी थांबायला तयार नव्हता. त्या उतार उतरल्या, पाट ओलांडला आणि काळ्या जमिनीत चप्पल रुतली. आकडा गेला. कॅमेरा आपोआप उघडला. समोर द्राक्षबाग होती, थोरले दीर कोंडाजी आबांची, सुनीलच्या वडिलांची.

गोजराबाई तशाच बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सुनीलने त्यांना गाडीवर बसवून तलाठी ऑफिसात नेलं. शुभांगी मॅडम नव्याच आलेल्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला, दोन्ही गट दाखवले. यंत्राची चूक नव्हती. वाटणीच्या कागदात पाटाखालची काळी जमीन खंडेरावांना आली होती आणि रस्त्याकडची मुरमाड कोंडाजींना. कसत मात्र दोघं एकमेकांची होते. तोंडी अदलाबदल झालेली असणार, असं मॅडम म्हणाल्या. खूप ठिकाणी निघतंय असं. दोघांची राजीखुशी असेल तर ज्याचा ताबा त्याचं नाव लावता येतं, सरकारने त्यासाठी योजनाच काढली आहे. पण एकजण जरी नाही म्हणाला, तर कागद आहे तोच खरा. आणि आजची नोंद ज्या गटात जे पीक दिसतं तेच, कागदावरच्या खातेदाराच्या नावाने.

"म्हणजे झेंडू आबांच्या खात्यावर?" सुनीलने विचारलं.

"हो. आणि द्राक्षं काकूंच्या."

परतताना मातोरी रोडला लागल्यावर सुनीलने गाडी हळू केली. गोजराबाईंना त्याच्या पाठीवरूनच कळत होतं तो काय विचार करतोय. त्या रस्त्यावर एकामागून एक लग्नाचे लॉन्स झाले होते. काकू, तुझं रान रोड-टच हाय, आमचं असतं तर मी कधीच लॉन टाकला असता, असं तो वर्षभर चेष्टेत म्हणत आला होता. लॉन म्हटलं की आधी सपाटीकरण, आणि सपाटीकरणात बांध राहत नाहीत.

पण भीतीपेक्षा त्यांना दुसरंच काहीतरी टोचत होतं. काळी जमीन देऊन मुरूम कोण घेतो? आयुष्यभर त्यांनी नवऱ्याला ऐकवलं होतं, की भावासमोर तुमचं तोंड उघडलं नाही म्हणून आपल्या वाट्याला दगड आले. खंडेराव ऐकून घ्यायचे. फार तर टोपी नीट करायचे आणि पाणी धरायला निघून जायचे.

कोंडाजी पडवीत बाजेवर बसले होते. गोजराबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि झालं ते सगळं सांगितलं. लपवून ठेवावं असं वाटेत एकदा मनात आलं होतं, पण सुनीलने नकाशा पाहिलाच होता. शिवाय उत्तर फक्त या माणसाकडे होतं.

"आबा, हे कव्हा झालं? अन् का?"

कोंडाजींनी बाजेला टेकवलेली काठी हातात घेतली.

"वाटणीच्याच साली," ते म्हणाले. "कागद झाला अन् महिन्याभरानं खंडू आला. म्हणला, दादा, वरचं रान मला दे, माझं खालचं तू घे. मी म्हणलो, येड लागलं का तुला? तिथं काय पिकणार? तर म्हणला, ती रोज संध्याकाळी त्या बांधावर बसती. उद्या तुझं रान झाल्यावर तिला तिथं बसायला चोरी होईल."

गोजराबाईंचा हात पदरावर थांबला.

"मी म्हणलो, मग कागद तरी करू. नको म्हणला. कागद केला तर लोक कारण विचारतील. अन् तुम्हाला बी सांगू नको म्हणला, बाई."

"मी त्यांना लय बोलले, आबा."

"मला म्हाईत हाय. त्याला त्याचं काय बी वाटत नव्हतं."

सुनील दाराला टेकून उभा होता. मोबाइल त्याच्या हातात होता, पण तो बघत नव्हता. कोंडाजींनी त्याच्याकडे मान वळवली. सोमवारी मॅडमकडे जाऊन अदलाबदलीचं काय लागतं ते विचारून ये, मी सही करतो, एवढंच ते बोलले. सुनीलने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "चला आबा, नोंद तर आजच करावी लागंल. उजेड हाय तोवर."

तिघं रस्त्याकडच्या रानात गेले. कोंडाजी काठी टेकत बांधापर्यंत आले आणि चाफ्याखाली उभे राहिले. त्यांचं खातं उघडून सुनीलने झेंडूचा फोटो काढला. या वेळी ॲपने काही तक्रार केली नाही. पिकाचं नाव, पेरणीची तारीख, पाण्याचं साधन, तो एकेक विचारत गेला आणि गोजराबाई सांगत गेल्या. तो भराभर भरत होता. मग त्याचं बोट थांबलं.

"आता बांधावरची झाडं विचारतंय," तो म्हणाला.

सुनीलने यादी खाली सरकवली. आंबा होता, चिंच होती, साग होता. चाफा त्याला सापडला नाही. तो पुन्हा वरपासून शोधू लागला.

"नसंल तर राहू दे," गोजराबाई म्हणाल्या.

"नाय, हाय. 'इतर' म्हणून हाय." त्याने मान वर केली नाही. "किती लिहू, काकू?"

वाऱ्याने एक पिकलं पान त्यांच्या खांद्यावर पडलं. ते त्यांनी झटकलं नाही.

"एक," त्या म्हणाल्या.