मौनी अवसेची हाक

मौनी अवस आपल्या पंचांगात पौषातली आणि जबलपूरच्या लोकांच्या माघातली. पण नर्मदामाई दोघांची एकच. सिव्हिल लाइन्समागच्या आळीतल्या मराठी कारकुनांच्या बायका दरसाल त्या दिवशी ग्वारीघाटाला जात. उठल्यापासून तोंड बंद; स्नान झालं, माईला नारळ दिला, की मगच बोलायचं. आता गर्दीत मुक्यानं चालायचं म्हणजे चुकामूक ठरलेलीच. म्हणून टांग्यातून उतरल्याबरोबर मागचीनं आपल्या पदराचं टोक पुढचीच्या कमरेच्या गाठीला बांधायचं आणि ओळीनं घाट उतरायचा. सर्वांत मागं चालते ती शेपटीची बाई. पुढच्या साऱ्याजणींवर नजर तिची.

सात वर्षांमागं शेपटीला भानुमतीकाकू होत्या. त्यांच्या पुढं अंजनीची धाकटी बहीण इंदू, आणि तिच्या पुढं अंजनी. धक्काबुक्कीत इंदूच्या दोन्हीकडच्या गाठी सुटल्या. सगळीकडे तांबडी लुगडी. पोर दुसऱ्याच बायकांच्या मागं लागली आणि फुटक्या पायऱ्यांवरून डोहात गेली.

पुढं हळदीकुंकवात काकूंनीच सांगितलं, "दिसली होती हो मला. हात केला, टाळी वाजवली. पण मौन होतं ना. व्रत म्हणजे व्रत."

बायकांनी माना डोलावल्या. वाणाचं सूप तेव्हा अंजनीच्या हातात होतं. तिनं काकूंनाही वाण दिलं, वाकून नमस्कारही केला. त्या दिवसापासून तुळशीला पाणी घालताना ती एकच मागणं मागे: या बाईच्या तोंडून एकदा हाक निघू दे.

यंदा अवसेच्या आदल्या दिवशी काकू आपण होऊन दारी आल्या. "अंजने, मोतीबिंदू पिकून राहिला बाई. समोर सारं धुकं. तू शेपटीला राहशील?"

"राहीन की, काकू."

"घट्ट बांधजो."

शेजारची विनता तिथंच तांदूळ निवडत होती. ती हसली. "तुम्हाला गाठ काहून लागते जी? तुमच्या खोकल्यावरून अख्खा घाट ओळखेल."

"खोकल्याला मौन नसते, तेवढंच बरं आहे," काकू म्हणाल्या.

अवसेच्या सकाळी काकूंचा पदर विनताच्या कमरेला आणि आपला पदर काकूंच्या कमरेला, दोन्ही गाठी अंजनीनं बांधल्या. दोन्ही सैल.

निम्मा घाट उतरेस्तोवर पहिली सुटली. विनता पुढं निघून गेली, तिला पत्ता नाही. दुसरी गाठ अंजनीनं स्वतः ओढून सोडवली. काकूंनी दोन्ही हात पुढं केले, कुणाच्या तरी लुगड्याला लागले, आणि त्या तिच्याच मागं चालू लागल्या. उजवीकडे. फुटक्या पायऱ्यांकडे.

अंजनी दोन हातांवर मागं होती. पकडायचं की नाही, हे तिनं ठरवलं नव्हतं.

पुढची बाई वळून गेली. काकू एकट्या पडल्या. खाली नावेतून नथ्थू नावाडी ओरडला, "ए बाई, उते ना जइयो, सीढ़ी टूटी है." काकू थबकल्या, पण घाटावर बायाच बाया, त्यांना काय कळणार कुणाला म्हणतो. त्यांनी मान इकडून तिकडं फिरवली. ओठ घट्ट मिटलेले. हवेत चाचपडणारा त्यांचा हात अंजनीच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून गेला. अंजनीनं श्वाससुद्धा रोखून धरला.

हाक मार, ती मनात म्हणत होती. मार की. स्वतःसाठी तरी मार.

काकूंनी पाऊल टाकलं. खाली शेवाळ होतं. पाय सरकला आणि घशातून आवाज फुटला, "अंजनी... अगं अंजनी, धर मला."

वरच्या पायरीपर्यंत गेला तो आवाज. नारळवाले वळले, पुढच्या ओळीतल्या बायका वळल्या. तेव्हा कुठं अंजनीनं त्यांचं मनगट धरलं आणि ओढून वर घेतलं.

काकू पायरीवरच बसल्या. बायका गोळा झाल्या. अंजनी एकटीच पाण्यात उतरली, तीन बुड्या मारल्या, नारळ सोडला. मग ओलेत्यानंच समोर येऊन उभी राहिली.

"आवाज तर होता की, काकू, तुमच्यापाशी."

काकूंनी पांढुरके डोळे वर केले. "तू इथंच होतीस?"

"इथंच. दोन हातांवर."

"पाहून राहिली होतीस?"

"हो. गाठीही मीच सैल बांधल्या होत्या."

विनतानं तोंडावर पदर घेतला. काकूंनी कमरेची गाठ चाचपून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "झालं ना तुझं आता? चल, घरी ने मला."

"नेते. अगोदर इंदूला हाक मारा." अंजनीनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि तोंड डोहाकडं केलं. आवाज तिचा नेहमीसारखाच मऊ होता. "आत्ता मला मारली, तेवढ्याच जोरात."

"अंजने, लोक आहेत."

"तेव्हाही होते."

काकूंनी नकार दिला नाही. पहिली हाक पुटपुटल्यासारखी आली.

"ऐकू नाही गेली," अंजनी म्हणाली.

"इंदू," काकू ओरडल्या. नथ्थूनं वल्ही थांबवली. "इंदू... इकडं ये गं."

बायका खाली बघत उभ्या होत्या. अंजनी पायरीवर बसली आणि पदर पिळू लागली. पुरे म्हणायची तिला काही घाई नव्हती.