तोमियासुचं गाणं

आठव्या डावापर्यंत इसोमुरा तीन वेळा उठले आणि तीन वेळा खाली बसले. मांडीवरच्या पिशवीत दोनशे चिठ्ठ्या होत्या. आयुष्यभर पुस्तकं बांधण्यात गेलेला माणूस, त्यामुळे चिठ्ठ्यांच्या कडा अगदी सरळ कापलेल्या. पण त्यांवरचं गाणं सरळ होतं की वाकडं, हे त्यांना अकरा वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

मिनाउरा बंदराच्या बगळे या बेसबॉल संघात प्रत्येक बॅटरला स्वतःचं गाणं असे. तो मैदानात आला की तुतारी वाजायची आणि उजवीकडचा अख्खा स्टँड गायचा. कालच्या पोरांनासुद्धा गाणी होती. सतरा वर्षं खेळलेल्या तोमियासुला मात्र नव्हतं. त्याच्यासाठी सामाईक चाल वाजायची, जी कुणासाठीही वाजते.

कारण साधं होतं. तोमियासु बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकवायचा. स्वतः बाद व्हायचा आणि बेसवर अडकलेल्या सोबत्याला एक बेस पुढे सरकवायचा. चौथा बेस म्हणजे घर; तिथं पोचलं की धाव. हे काम त्याच्याइतकं सफाईनं देशात कुणी करत नसेल, असं इसोमुरांचं मत होतं. ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी तोमियासुच्या बॅटीचा एक चुकार चेंडू थेट इसोमुरांच्या डब्यात येऊन पडला. भात आणि बांगडा शेजाऱ्याच्या सदऱ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर रुमालात बांधलेला डबा ठेवलेला होता. आत बांगडाच, आणि गचाळ अक्षरातली एक चिठ्ठी: ‘काल तुमचं जेवण सांडलं. माफ करा. तोमियासु.’ त्याच रात्री इसोमुरांनी गाणं लिहिलं आणि वहीत ठेवून दिलं.

आज तोमियासुचा शेवटचा सामना होता.

तीन-तीन अशी बरोबरी. आठव्या डावात आपला पहिलाच बॅटर पहिल्या बेसवर पोचला. तेवढ्यात भोंग्यावर आवाज आला, “बदली बॅटर, तोमियासु!”

स्टँड एकदम उसळला. समोरच्या संघानंही लगेच चेंडूफेक्या बदलला. नवा गडी हात मोकळा करायला सरावाचे चेंडू टाकू लागला. स्टँडचा म्होरक्या कुरामोची, धंद्यानं न्हावी, पिंपावर चढून ओरडला, “सामाईक चाल! तयार!”

इसोमुरा चौथ्यांदा उठले. या वेळी ते पिंपापर्यंत पोचले.

“कप्तान... हे... त्याचं गाणं आहे.”

“आत्ता? इसोमुरासान, तुम्ही बोलता हेच मला आज कळलं!” कुरामोचीनं चिठ्ठीवर नजर टाकली. “चार ओळी? अहो, तो पहिल्याच चेंडूला बॅट आडवी धरतो. दुसरी ओळ संपेपर्यंत तो बाद होऊन बाकावर पाणी पीत बसेल!”

इसोमुरांचा चेहरा पडला. खरंच की. अकरा वर्षांत हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? ते पिशवी आवळून मागे वळले.

“थांबा हो!” तुतारीवाल्या नोगामीबाईंनी चिठ्ठी ओढून घेतली. त्यांचं टोफूचं दुकान होतं आणि आवाज तुतारीपेक्षा मोठा. “चाल कुठली?”

“जाळं ओढायची. बंदरावरची.”

“मग शिकायचं काय त्यात? पाळण्यातल्या पोराला येते ती! कप्तान, सतरा वर्षं त्या माणसाला उसन्या चालीवर नाचवलंत. आज निदान एक ओळ तरी त्याची स्वतःची होऊ दे. वाटा रे चिठ्ठ्या!”

चिठ्ठ्या हातोहात वर गेल्या. चिठ्ठी न मिळालेले शेजाऱ्याच्या खांद्यावरून वाचू लागले. नव्या गड्याचे चेंडू टाकून झाले. तोमियासु बॅट घेऊन जागेवर उभा राहिला. नोगामीबाईंनी गाल फुगवले.

*आडवी धर बॅट, तोमियासु, आडवी धर...*

आवाज आधी विस्कळीत आला. मग जाळ्याचा दोर सगळ्यांच्या हाती एकदम यावा तसा तो जुळला. तोमियासुनं मान वर केली. सामाईक चाल नाही हे त्याला कळलं असावं. चेंडूफेक्या सरसावला. संपलं, इसोमुरांना वाटलं, एकच ओळ.

तेवढ्यात तोमियासुनं पंचांकडे हात वर केला, बाजूला झाला आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

“अहो, नाडी सुटली त्याची!” शेजारचा माणूस हळहळला.

“सुटलेली नाही,” इसोमुरा इतक्या मोठ्यानं म्हणाले की स्वतःच दचकले. “तो दुहेरी गाठ मारतो! सतरा वर्षांत एकदाही सुटलेली नाही! तो ऐकतोय! गा, गा!”

*पोरं वाटेत थांबलीत, पोचव त्यांना घर,*
*तू मागं राहिलास म्हणून ती गेली भरभर,*
*आज वळून बघ, मागं उभं आहे शहर!*

चौथ्या ओळीला डावीकडचे, पाहुण्या संघाचे लोकसुद्धा टाळ्यांचा ठेका धरत होते. गाणं संपलं तशी नाडीही बांधून झाली. तोमियासु उठला, टोपीला हात लावला, आणि पहिल्याच चेंडूला बॅट आडवी धरली.

चेंडू रेषेलगत मांजरासारखा चालत गेला आणि थांबला. पहिल्या बेसवरचा पोरगा दुसऱ्या बेसवर पोचला. तोमियासु एका पावलानं बाद. बाद झालेल्या माणसासाठी सगळं मैदान उभं राहिलं! तो परतताना थांबला, उजव्या स्टँडकडे वळला आणि कमरेत वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. पुढच्या फटक्यावर पोरगा धावत घरी आला तेव्हा कुरामोची पिंपावरून खाली पडला. लागलं कुठं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

नोगामीबाई घाम पुसत आल्या. “इसोमुरासान, गाणं झकास. पण दुसऱ्या ओळीत तुतारीला श्वास घ्यायला जागाच नाही हो.”

“माहीत आहे,” इसोमुरा म्हणाले. “अकरा वर्षं तेच खटकत होतं.”

आणि रिकामी पिशवी डोक्यावर गरगर फिरवत ते पुन्हा पहिल्या ओळीपासून गाऊ लागले.