शेवंताच्या गोळ्या

पाचोऱ्याच्या शेवंताला बाराव्या वर्षापासून फेफरं यायचं. जळगावच्या डॉक्टरांनी रोज संध्याकाळी एक गोळी सुरू केली आणि तिच्या भावाला, छगनला बजावलं, "दर महिन्याला येऊन तब्येत सांगायची, गोळ्या न्यायच्या. मध्येच बंद केल्या तर आजार उलटेल."

चार वर्षं एकही झटका आला नाही. त्या भरवशावर १९५४ साली शिरपूरजवळच्या भिकनशी तिचं लग्न झालं. आजाराबद्दल सासरी कोणी अवाक्षर काढलं नाही.

दर महिन्याला छगन जळगावहून गोळ्या घ्यायचा आणि बहिणीला भेटायच्या निमित्ताने पोचवायचा. शेवंता त्या मेथ्यांच्या डब्यात लपवायची.

दोन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. एक दिवस सासू झुंबरबाईच्या हाती पुडी लागली.

"पोर व्हवाले नको म्हणीसन खास का तू ह्या गोळ्या?"

शेवंताच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण माहेरी परत पाठवतील या धास्तीने ती गप्प राहिली. झुंबरबाईने पुडी चुलीत टाकली.

छगन यायला अजून अकरा दिवस होते. चौथ्या दिवशी भाकरी थापताना शेवंताचं अंग ताठ झालं आणि ती चुलीवरच पडली. झुंबरबाई अंगणातून धावत आली, तोवर उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

छगनने आल्यावर झुंबरबाईपुढे सगळं कबूल केलं. "आमीच लपाडं, अक्का. चूक आमनी शे."

"एकदाव सांगतात, ते मी चुल्हामा टाकती का?" झुंबरबाई म्हणाली.

भिकन म्हणाला, "हिला घेऊन जा."

"ती आठेच ऱ्हाई," झुंबरबाई म्हणाली आणि तिने सुनेला जाऊ दिलं नाही.

पुढच्या महिन्यात झुंबरबाई स्वतः छगनबरोबर जळगावला गेली. झटका आला तर कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही का घालायचं नाही, हे तिने डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. गोळी ती स्वतःच्या हाताने देऊ लागली. झटके थांबले.

भिकन मात्र बायकोजवळ बसेनासा झाला. दिवाळीनंतर सुरतेला गिरणीत गेला, तो परतलाच नाही.

शेवंताच्या भाजलेल्या हाताची बोटं आखडली, ती पुन्हा उघडली नाहीत. रोज सकाळी झुंबरबाई तिला उंबऱ्यावर बसवून तिची वेणी घालायची.