उशिरा पोचणारा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. अविवेक माझे नाव. बरे काय, वाईट काय हे पारखून घेणे म्हणजे विवेक. ती पारख जिथे चुकते तिथे मी. जन्मलो संस्कृतात, पण मला वाढवले कीर्तनाने. पूर्वरंगात बुवा माझा अर्थ उलगडतात आणि उत्तररंगात त्याच अर्थाची गोष्ट सांगतात. फाशांवर राज्य लावणारे राजे, नुसत्या आवाजावर बाण सोडणारे राजे, सगळ्यांच्या कथेत मी असतो. वेळेवर मात्र कुठेच नसतो. बाण सुटतो, आणि मग लोक मला हाक मारतात.

शनिवार पेठेतल्या एका राममंदिरात आनंदबुवांनी मला लेकरासारखे सांभाळले. बाहेर हल्ली मला कोण विचारतो? "डोकं ठिकाणावर आहे का?" एवढ्यातच लोकांचे भागते. बुवांच्या मुखी मात्र मी आलो की माना डोलायच्या.

यंदा बुवांचा गळा बसला. "महिनाभर गाऊ नका, नाहीतर आवाज कायमचा जाईल," असे डॉक्टरांनी बजावले होते. तरी रामनवमीच्या उत्सवात बुवा उभे राहिलेच. पेटीवर त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई. त्यांनी मुद्दाम खालची पट्टी धरली.

"अगं, हे काय? चढव पट्टी," बुवा कुजबुजले.

"अहो, आज एवढंच. गाऊ नका, नुसतं बोला."

"देवापुढे पुटपुटायचं? गळा त्याचाच आहे, तो बघेल."

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या दुर्गाबाई म्हणाल्या, "बुवा, काही ऐकू येत नाही. आम्ही काय ओठ वाचायला आलोय?"

लोक हसले. बुवांना ते लागले. द्वारकाबाईंनी निमूट पट्टी चढवली.

आणि निरूपणाला बुवांनी नेमके मलाच घेतले. "अविवेक म्हणजे काय? कळतं, पण वळत नाही!" वाहवा झाली. मी त्यांच्या मुखातून निघालो, मागच्या खांबाला टेकलेल्या आजोबांच्याही कानात शिरलो. बुवांच्या कानात तेवढा शिरू शकलो नाही. बोलणाऱ्याच्या कानाचे दार मला क्वचितच उघडते.

"ती वरची तान पुन्हा, बुवा!" दुर्गाबाईच. प्रेमच होते हो ते!

द्वारकाबाईंचा हात भात्यावर थांबला. बुवांनी पेटीवाचून तान घेतली, आणि कापड टरकावे तशी ती मधेच फाटली.

बुवांनी रामाकडे पाहिले, मग बायकोकडे. ओठ हलले. मला कळले, ते मलाच बोलावत होते. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःसाठी. मी किती धडपडलो! साधा 'अ'सुद्धा फुटला नाही. दुर्गाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. द्वारकाबाईंनी पट्टी उतरवली आणि एकटीनेच आरती सुरू केली. बुवा नुसते टाळ वाजवत राहिले.

मित्रांनो, दुसऱ्यावर फेकायला मी फार सोपा. पण एवढे करा, पाऊल उचलण्याआधी मला एकदा मनातल्या मनात म्हणा. तिथे मी वेळेवर पोचतो.

बुवांचा आवाज अजून परतलेला नाही. रोज सकाळी द्वारकाबाई पेटीवर खालचा 'सा' धरून बसतात, बुवा समोर हात जोडून. आणि मी आत, त्यांच्या गळ्याशी, वाट पाहत.